बांधावरचे दुसरे पीक



मागच्या धड्यात आपण शेणखताचा खड्डा कसा भरावा ते वाचले. आज आपण शेताच्या बांधावर जाऊ.

शेतात आपण बी पेरतो. शेतात खत घालतो. पाऊस पडला की शेतच बघायला जातो. बांधाकडे मात्र आपले लक्ष एकाच वेळी जाते. शेजाऱ्याने नांगराचे एक तास जास्त घेतले, बांध कोरला, की मग आपण काठी घेऊन धावतो! बाकी वर्षभर बांधाला कोणी विचारीत नाही. त्यावर थोडे गवत, थोडी घाणेरी आणि उंदरांची बिळे.

हा बांध केवढा असतो, ते आधी मोजू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. एकराचे शेत चौकोनी असेल तर त्याची एक बाजू सुमारे २०९ फूट भरते. चारी बाजू मिळून ८३६ फूट झाल्या. बांध चार फूट रुंद धरला, तर ३,३४४ चौरस फूट जागा झाली. एका गुंठ्याचे चौरस फूट होतात १,०८९. आता भागाकार करा. तीन गुंठ्यांहून थोडी जास्तच जागा झाली! निम्मा बांध शेजाऱ्याचा धरला, तरी दीड गुंठा आपला उरतो. या दीड गुंठ्याचा शेतसारा आपण भरतो. त्यातून घरात काय येते? बहुतेकांचे उत्तर एकच असेल. काही नाही.

या जागेवर दुसरे पीक घेता येते. ते पीक म्हणजे झाड. शेतात धान्य आणि बांधावर झाड, अशा शेतीला वनशेती म्हणतात. नाव नवे आहे. रीत जुनी आहे.

एक पाऊस चुकला तर

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. ज्वारी करपली, बाजरी करपली. बागाईतदार म्हणवणारी माणसेसुद्धा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तेथे सुकडी मिळे, ती खाऊन लोकांनी दिवस काढले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती तुम्हांला सांगतील.

पिकाचा एक पाऊस चुकला की वर्ष हातचे जाते. मोठ्या झाडाचे तसे नसते. त्याची मुळे खोल गेलेली असतात. खालची ओल त्याला मिळते. बाजरी वाळते त्या वर्षीही बाभळीला शेंगा येतात. कडुनिंबाला निंबोळ्या येतात. हादग्याचा पाला गुरांच्या तोंडी लागतो. म्हणून आम्ही झाडाला दुसरे पीक म्हणतो. पहिले पीक बुडाले तर दुसरे हाताशी असावे. एकाच पिकावर सारे घर टांगून ठेवू नये.

झाड काय काय देते

फळ, लाकूड, सरपण, चारा हे आपल्याला ठाऊक आहे. पण झाड आणखी दोन कामे मुकाट्याने करीत असते.

पहिले काम माती धरण्याचे. वळवाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटतो. माती उडते आणि पाण्याबरोबर निघून जाते. पहिल्या पावसात ओढा कसा वाहतो ते आठवा. चहासारखा! तो रंग आपल्या शेतातल्या मातीचा असतो. नदीत गेलेली माती परत येत नाही. झाडाची मुळे आणि झाडाखालचे गवत बांध धरून ठेवतात. बांध टिकला की पाणी अडते. पाणी अडले की जमिनीत मुरते.

दुसरे काम जमिनीला खाऊ घालण्याचे. पाने गळतात, कुजतात, त्यांचे खत होते. शिवाय शेंगा धरणाऱ्या कित्येक झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. उद्या शेतावर जाल तेव्हा भुईमुगाचे किंवा हरभऱ्याचे एक रोप उपटून पाहा. मुळावर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. या गाठींत राहणारे जंतू हवेतला नत्र धरून जमिनीत आणतात. बाभूळ, हादगा, शेवरी, गिरिपुष्प या झाडांच्या मुळांवरही अशाच गाठी असतात. बाजारात आपण युरियाचे पोते घेतो, ते या नत्रासाठीच.

आणखी एक गोष्ट भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. बांधावर सरपण असले की शेणाच्या गोवऱ्या थापाव्या लागत नाहीत. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच. शेण चुलीत गेले की शेत उपाशी राहते.

जुनी माणसे काय करीत

मिरज-सांगलीकडे पानमळे आहेत. नागवेलीचा नाजूक वेल उघड्या उन्हात जगत नाही. म्हणून मळेकरी आधी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी झाडे लावतो. वेल त्यांच्यावर चढतो. झाड वेलाला आधार देते आणि सावली देते. पाला गुरांना आणि शेवग्याच्या शेंगा बाजारात! एका जागेवर तीन पिके झाली. ही वनशेतीच झाली की नाही?

रामकाठी बाभूळही जुन्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. साधी बाभूळ छत्रीसारखी पसरते. रामकाठी झाडूसारखी सरळ वर जाते. तिची सावली थोडी पडते. म्हणून शेतात ती चालते.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रामचंद्रपंत अमात्य यांनी राज्यकारभाराची रीत सांगणारे आज्ञापत्र लिहिले. आरमाराला लाकूड हवे असे. तरीही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, जुने झाड हवेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पाला-पाचोळा पावसाबरोबर खालच्या शेतांत येतो आणि शेते पिकतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ताली आणि बंधारे घालून पाणी जिरवा, असेही सांगितले. म्हणजे झाड, माती आणि पाणी यांचे नाते आपल्या मोठ्या माणसांनी केव्हाच ओळखले होते.

वांसद्याची वाडी

आता अलीकडची एक खरी हकिगत ऐका. ती घडली गुजरातेत, पण तिचे मूळ आपल्या पुणे जिल्ह्यात आहे.

१९४६ साली महात्मा गांधी उरुळीकांचन येथे आले होते. तेथे निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. त्याचे काम त्यांनी मणिभाई देसाई या तरुणाकडे सोपवले. मणिभाई जन्मभर उरुळीलाच राहिले. १९६७ साली त्यांनी बाएफ नावाची संस्था काढली. या संस्थेने आधी गाईंच्या पैदाशीचे मोठे काम केले. मग १९८२ साली दक्षिण गुजरातेतल्या वांसदा तालुक्यात आदिवासी कुटुंबांबरोबर झाडांचे काम सुरू केले.

तेथली जमीन उताराची आणि धुपलेली होती. पावसाळ्यात थोडे भात, थोडी नाचणी पिके. ते धान्य संपले की माणसे बायकापोरांसह मजुरीला बाहेर पडत. अशा कुटुंबांनी आपल्याच जमिनीच्या तुकड्यावर वाडी केली. वाडी साधारण एक एकराची. मध्ये आंब्याची आणि काजूची कलमे लावली. चारी कडांना सरपणाची आणि चाऱ्याची झाडे लावली. कलमांच्या मधल्या पट्ट्यांत भाजी, कडधान्य, नाचणी घेतली. उतारावर आडवे बांध घातले. उन्हाळ्यात रोपांना पाणी घातले, तेही पुष्कळ ठिकाणी डोक्यावरून आणून.

हळूहळू कलमे फळाला आली. पुष्कळ घरांचे बाहेर जाणे कमी झाले. पुढे ही वाडी महाराष्ट्रातही आली. जव्हारकडच्या डोंगरांत ती पाहायला मिळते.

या हकिगतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी. वाडी एका कुटुंबाला सांभाळता येईल एवढीच ठेवली. दुसरी अशी. झाड फळाला येईपर्यंत पोट कशावर भरायचे, हे आधी ठरवले. झाड उद्याचे आणि मधले पीक आजचे. दोन्ही हवीत.

कोणते झाड लावावे

झाडाचे तीन प्रकार करा. लवकर देणारे, मधल्या वेळाने देणारे आणि उशिरा देणारे.

शेवगा लवकर देतो. लावल्यापासून वर्षाच्या आत शेंगा येऊ लागतात. पानांची भाजीही होते. हादगा, शेवरी, गिरिपुष्प हीही लवकर वाढतात. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्यात बांधावर खोचली तरी फुटते. काही लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याचा कोवळा पाला कापून शेतात गाडला की हिरवे खत होते.

बोर, सीताफळ, आवळा ही मधल्या वेळाने देतात. चांगले कलम असेल तर तिसऱ्या ते पाचव्या वर्षी उत्पन्न दिसू लागते. ही झाडे मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात टिकतात. सीताफळाचा पाला शेळी खात नाही, हा मोठा फायदा आहे.

आंबा, चिंच, साग, बाभूळ, कडुनिंब ही उशिरा देतात. आंब्याचे कलम पाचव्या वर्षाच्या सुमारास फळाला लागते. बियांपासून वाढवलेली चिंच आठ-दहा वर्षे वाट पाहायला लावते. पण मग ती तीन पिढ्यांना पुरते. सागाला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो.

असे समजा. शेवगा म्हणजे आठवड्याचा बाजार. बोर आणि सीताफळ म्हणजे वर्षाची दिवाळी. चिंच आणि साग म्हणजे पोरांचे शिक्षण किंवा घराचे छप्पर. बांधावर तिन्ही प्रकार थोडे थोडे असावेत.

जमीन बघून झाड निवडा. काळ्या जमिनीत बाभूळ चांगली येते. मुरमावर सीताफळ, बोर, कडुनिंब लावा. ओढ्याच्या काठी जांभूळ, करंज, बांबू लावा. कडुनिंब एक तरी असावाच. त्याची वाळलेली निंबोळी कुटून पाच किलो भुकटी करावी, ती रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळून घ्यावी आणि शंभर लिटर पाणी होईल इतके पाणी त्यात मिळवावे. पिकावरच्या किडीला हा अर्क चालतो. औषधाचा बराचसा खर्च वाचतो.

दोन झाडांविषयी सावध राहा. निलगिरी लवकर वाढते, पण पाणी फार ओढते. विहिरीजवळ आणि पिकाजवळ ती नको. सुबाभळीचा पाला जनावरांना नुसता घालू नये. दुसऱ्या वैरणीत थोडा मिसळून घालावा. तिच्या शेंगाही पिकण्याआधी तोडाव्यात, नाहीतर ती शेतभर माजते.

सावली आणि शेजारी

आमच्या रात्रीच्या वर्गात हा धडा चालला असताना एक गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, हे सगळं खरं. पण झाडाखाली ज्वारी येत नाही, त्याचं काय?"

प्रश्न रास्त आहे. झाडाच्या अगदी जवळ पीक कमी येते, हे खोटे नाही. सावली पडते, मुळेही पाणी ओढतात. त्याला तीन उपाय आहेत.

पहिला उपाय छाटणीचा. खालच्या फांद्या दरवर्षी उतरवाव्यात. त्यांचे सरपण होते आणि पिकाला ऊन मिळते.

दुसरा उपाय चराचा. झाडांची ओळ आणि पीक यांच्यामध्ये दोन फूट खोल आणि एक फूट रुंद चर काढावा. पिकाकडे येणारी वरची मुळे त्यात तुटतात. पावसाचे पाणीही चरात मुरते. मात्र चर बुंध्याला खेटून काढू नये.

तिसरा उपाय दिशा ओळखण्याचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून सावली उत्तरेला पडते. रब्बीचे पीक तेव्हाच शेतात उभे असते. चिंचेसारखे दाट सावलीचे झाड शेताच्या उत्तर बांधावर लावले तर सावली आपल्या पिकावर फारशी पडत नाही.

मग ती कोठे पडते? ती उत्तरेच्या शेजाऱ्याच्या पिकावर पडते! येथेच भांडणाला सुरुवात होते. म्हणून उत्तरेला रस्ता, ओढा किंवा गायरान असेल तर तेथे मोठे झाड लावा. शेजाऱ्याचे शेत असेल तर रामकाठी, शेवगा, सीताफळ अशी हलक्या सावलीची किंवा बुटकी झाडे लावा. आणि खड्डा घेण्याआधी शेजाऱ्याशी बोला.

"बांध दोघांचा. निम्मी झाडं तुम्ही लावा, निम्मी आम्ही लावू. ज्याचं झाड त्याचं फळ. पाला दोघांच्या गुरांना." असे बोलून बघा. कोर्टात घालायचा पैसा रोपांत घाला. झाडांची ओळ उभी राहिली की बांध कोणाला कोरता येत नाही. झाडे हीच साक्षीदार होतात. आम्ही आयुष्यात बांधावरून मोडलेली भावकी पुष्कळ पाहिली आहे. बांधावर मिळून झाडे लावली आणि भावकी मोडली, असे काही पाहिले नाही.

आधी उन्हाळ्याचा हिशेब

आता या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती दोनदा वाचा.

झाड लावायला एक दिवस लागतो. जगवायला तीन उन्हाळे लागतात. पावसाळ्यात सगळेच झाडे लावतात. गावात फोटो निघतात. पुढच्या चैत्रात जाऊन पाहावे तर खड्ड्यात वाळलेली काटकी! एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत होते. म्हणून किती झाडे लावायची हे पावसाळ्यात ठरवू नका. उन्हाळ्यातले पाणी बघून ठरवा.

पाटी घ्या आणि हिशेब मांडा.

आपल्या एकराच्या बांधावर वीस-वीस फुटांवर झाडे लावली तर सुमारे ४० झाडे बसतात. लहान रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला निदान १० लिटर पाणी हवे. ४० रोपांना ४०० लिटर झाले. हंडा १५ लिटरचा धरला तर आठवड्याला २७ हंडे लागतील. उन्हाळ्याचे आठवडे १६ धरा. एकूण ४३२ हंडे झाले!

शेतात विहीर आहे आणि उन्हाळ्यात तिला पाणी असते, तर ४० झाडे लावा. विहीर नाही, तर हे हंडे कोण वाहणार? खरे बोला. हे हंडे घरातल्या बाईच्या डोक्यावर येतात. झाड लावताना पुरुष पुढे असतो आणि पाणी घालताना बाई. तेव्हा झाडांचा आकडा ठरवताना घरातल्या बाईला विचारल्यावाचून ठरवू नका. पाण्याच्या पाळ्या दोघांनी वाटून घ्या.

आता १० झाडांचा हिशेब करा. आठवड्याला १०० लिटर, म्हणजे ७ हंडे. रोज एक हंडा झाला. एवढे बहुतेक घरांना जमते. दरवर्षी १० झाडे लावली आणि जगवली, तर चार वर्षांत बांध भरतो. थेंबे थेंबे तळे साचे.

पाणी वाचवण्याच्या दोन युक्त्या आहेत. जुना मातीचा मटका घ्या. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडा. भोकात सुती चिंधीची वात घाला. रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर मटका गळ्यापर्यंत पुरा. तो पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी थेंबाथेंबाने मुळांशी जाते, उन्हाने उडून जात नाही. दुसरी युक्ती आच्छादनाची. रोपाभोवती गवत, पाचट, तुरकाट्या पसरा. ओल टिकते. आच्छादन बुंध्याला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते.

खड्ड्यापासून रोपापर्यंत

वैशाखात खड्डे घ्या. साध्या झाडाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल. आंब्याला तीन फूट. वरची माती एका बाजूला टाका, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा काही दिवस उन्हात तापू द्या. किडी मरतात. मग तळाशी पाला-पाचोळा घाला. वरच्या मातीत दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा.

मृगाचा पाऊस चांगला झाला आणि ओल वीतभर खाली गेली, की रोप लावा. पिशवी ब्लेडने फाडा, मुळाभोवतीची माती फुटू देऊ नका. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. काठीचा आधार द्या. भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या रोवा. शेळीला कोवळा शेंडा फार आवडतो. एका शेळीचे दोन घास म्हणजे आपले एक वर्ष! हे कुंपण पहिल्या तीन वर्षांत कधी मोडू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यात जी रोपे मरतील त्यांच्या जागी त्याच पावसाळ्यात दुसरी लावा.

रोपांना पैसा हवा, मजुरी हवी. सरकार त्यासाठी वेळोवेळी मदत करते. महाराष्ट्र सरकारने १९९० साली फळबागेची लागवड रोजगार हमीशी जोडली होती. कोरडवाहू शेतकऱ्यांनी तिच्यातून पुष्कळ बागा लावल्या. २०१४ साली भारत सरकारने वनशेतीचे राष्ट्रीय धोरणच केले. योजनांची नावे आणि अटी बदलत असतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना स्वतः वाचा. शेती खात्याच्या माणसाला विचारा. आता तुम्हांला वाचता येते. दुसऱ्याने सांगितलेल्यावर विसंबू नका.

कुऱ्हाडीआधी वाचा आणि मोजा

झाड वाढते. मग एक दिवस लाकडाचा व्यापारी येतो. झाडाभोवती फिरतो. हातात नोटा दाखवतो आणि म्हणतो, "उक्तं देऊन टाका, बाबा. पोकळ आहे झाड." घरात अडचण असते. अंगठा उठतो आणि वीस वर्षांची मेहनत अर्ध्या मोलाने जाते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा आपला अडाणीपणा आपल्याच घराला काळ होतो.

अशा वेळी शिकलेल्या माणसाने तीन कामे करावीत.

पहिले काम कायदा विचारण्याचे. महाराष्ट्रात झाडतोडीविषयी १९६४ सालचा कायदा आहे. साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर, जांभूळ अशी काही झाडे आपल्या शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांबूचे वेगळे आहे. २०१७ साली केंद्र सरकारने वनकायदा बदलून बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढले. तरी तोडण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे. व्यापारी म्हणतो म्हणून कुऱ्हाड लावू नये.

दुसरे काम उतारा वाचण्याचे. सातबाराच्या उताऱ्यावर आपल्या झाडांची नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर अर्ज करून नोंद करून घ्या. उद्या जमिनीतून रस्ता गेला किंवा वाटणी झाली, तर झाड कोणाचे हे कागदच सांगतो.

तिसरे काम लाकूड मोजण्याचे. लाकूड विकताना घनफुटात मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळून घेर घ्या. घेराला चारने भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा. मग लांबीने गुणा. बाजारात ही रीत चालते.

समजा, घेर ४ फूट आहे आणि ओंडका १० फूट लांब आहे. ४ भागिले ४ म्हणजे १. एक गुणिले एक म्हणजे १. त्याला १० ने गुणले. लाकूड १० घनफूट झाले.

आता समजा, घेर ६ फूट आहे. ६ भागिले ४ म्हणजे दीड. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. ज्यांना दिडकी पाठ आहे त्यांना हे चटकन येईल. सव्वादोन गुणिले १० म्हणजे साडेबावीस घनफूट.

बघा, घेर दीडपट झाला, पण लाकूड सव्वादोनपट झाले. म्हणजे अर्धवट वाढलेले झाड घाईने विकणे किती तोट्याचे आहे! शिवाय जाड लाकडाला भावही जास्त मिळतो. अडचण असेल तर शेवगा विका, बोरे विका, छाटणीचे सरपण विका. मोठे झाड थोडे थांबू द्या. आणि जे झाड तोडाल त्याच्या जागी, पुढचा पाऊस पडताच, दुसरे लावा.

झाडांची शेती ही घाईची शेती नव्हे. पण ती शहाण्या माणसाची शेती आहे. तिला मोजता यावे लागते, कागद वाचता यावा लागतो आणि शेजाऱ्याशी नीट बोलता यावे लागते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुम्ही या वर्गात शिकला आहात. तिसरी तुमच्या हाती आहे.

प्रश्न

१. एकराच्या चौकोनी शेताचा बांध किती फूट लांब असतो? तुमच्या शेताचा बांध पावलांनी मोजा आणि फुटांत लिहा.

२. दाट सावलीचे झाड उत्तर बांधावर का लावतात? तुमच्या शेताच्या उत्तरेला कोणाचे शेत आहे?

३. तुमच्या घरी उन्हाळ्यात आठवड्याला किती हंडे पाणी झाडांसाठी निघेल? त्यावर किती रोपे जगतील? हा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून करावा.

४. ओंडक्याचा घेर ८ फूट आणि लांबी १० फूट आहे. लाकूड किती घनफूट?

५. ही नावे सुवाच्य अक्षरात लिहा: रामकाठी, गिरिपुष्प, निंबोळी, आच्छादन, घनफूट.

घरचा अभ्यास

आपल्या बांधावर आज जी झाडे आहेत त्यांची यादी करा. झाडाचे नाव लिहा. जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी धरून घेर मोजा आणि नावापुढे लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा. अंगठा नको, सही. ही वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.